दादाचा निळा

दुपारचं जेवण अंगावर आलंय. खिडकीखालच्या खाटेवर जुई, माझी लेक, पालथी झोपली आहे आणि तिचा हात मी धरून ठेवलाय. मला झोप लागलेली नाही, असं मी स्वतःला बजावते. चहाच्या वेळेला रंगारी येणार आहे, त्याला रंग सांगायचाय.

तसा तो ठरलाय. आमची शिडाची बोट समोरच्या शेडमध्ये उभी आहे. तिघांना वर्षानुवर्षं राहता येईल एवढी मोठी. लक्षद्वीप, मालदीव आणि तिथून थेट आफ्रिकेपर्यंत जायचा बेत आहे. माझा नवरा हेरंब नारिंगी म्हणत होता. "भोपळ्यात बसून चाललोय असं वाटेल," म्हणून मी त्याला गप्प केलं. मला दादाच्या होडीचा निळा हवाय. त्या होडीसकट माझा भाऊ वादळात गेला, परत मिळाला नाही. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव घरातल्या पोराला ठेवतात. मी रंग ठेवणार आहे.

काल बोटीच्या अंगावर दोन्ही रंगांचे पट्टे मारून त्यांवर बादलीभर पाणी ओतलं. कोरडा रंग खोटं बोलतो, ओला करून बघावा, हे दादाचंच सांगणं. ओला निळा बघून मला रडू आलं. मग थिनरने नखं घासून घासून साफ केली.

तो वास अजून बोटांना आहे. तो वाढत जातो, आणि मी शेडमध्ये उभी आहे.

परांचीवर दादा बसलाय. पाय खाली सोडून, हातात ब्रश. त्याच्या विजारीतून पाणी ठिबकतंय.

"काय गो, रंग ठरलो?"

"ठरलो. तुझोच."

तो हसतो. तेच हसू, एका बाजूला ओढलेलं. मला इतका आनंद झालाय की तो मेलाय हे आठवूनही काही वाटत नाही. तो खाली उतरून निळ्या पट्ट्यावर हात ठेवतो. मनगटापर्यंत त्याचा हात दिसेनासा होतो. उजेड कमी असेल, मी म्हणते.

"बरा केलंस. हो रंग पाण्यात कोणाक दिसणा नाय, गावणा नाय."

"म्हणजे?"

"चल, जेवूक चल."

आईच्या स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी आहे. आई नाही. चुलीवर आमटी उकळतेय. दादा पाटावर बसतो आणि पाट हलकेच तरंगू लागतो.

"हेलिकॉप्टर इला होता," कुणाच्या लग्नाची हकिगत सांगावी तसं तो सांगतो. "दोनदा इला. अगदी माझ्या डोक्यार. मी उभो रवान हात हलवत होतंय. आतल्या माणसाचो चेहरो माकां दिसलो. त्येका मी दिसाक नाय."

शोधायला कुणी गेलंच नाही, असं धरून आम्ही इतकी वर्षं लोकांना शिव्या दिल्या.

"आणि होडी? होडी तरी दिसाक होयी होती."

"खंयची होडी? सगळा पाणीच होता."

पाण्यात जुई बसली आहे. दादाचा ब्रश तिच्या हातात आहे आणि ती स्वतःच्या पायाला निळा रंग लावतेय.

"आई, बघ, मामाने दिला."

रंगवलेलं पाऊल तिथे नाही. त्याच्या जागी नुसतं पाणी हलतंय. ती आता गुडघ्याला रंग लावतेय.

"दादा, तिका थांबव."

"मी एकटोच आसंय गो थंय," तो म्हणतो. रागाने नाही, अगदी मायेने. "आता तुमी तिगांय येतलास."

लहानपणापासून या माणसाला मी कधी घाबरले नव्हते. आता घाबरते.

मी वर आहे. हेलिकॉप्टरचं दार उघडं आहे. खाली कुठेतरी आमची बोट आहे आणि तिच्यात जुई हात हलवतेय, कारण तिची "आई, आई" अशी हाक मला ऐकू येतेय. शेजारचा माणूस वाकून बघतो.

"बाई, खाली काही नाही. फिरू या माघारी."

मी हात खाली घालते. खोल, अजून खोल. एक लहानसा हात माझ्या हातात येतो. दिसत नाही, पण तिचाच आहे. मी नखांनी रंग ओरबाडायला लागते. तो निघत नाही. कानाशी दादाचा आवाज येतो, रडवेला.

"जोरान वरबाड. माकां गावली म्हणान तिका सोडू नको. जोरान."

"आई, सोड ना! दुखतंय!"

खिडकीतून ऊन आलंय. जुई खाटेवर बसून रडतेय. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत माझ्या नखांचे लाल ओरखडे आहेत. मी तिला कुशीत घेते, तिचे पाय चाचपते, दोन्ही.

दारात हेरंब आणि रंगारी उभे आहेत. रंगारी विचारतो, "वहिनी, मग निळ्याचा डबा फोडू?"

"नारिंगी," मी म्हणते. "सगळी बोट. शिडंसुद्धा नारिंगी मिळाली तर बघा."

हेरंब माझ्याकडे बघत राहतो. "आणि दादाचा रंग?"

"नको."

मी जुईच्या हाताला खोबरेल लावायला घेते. तेलात निळं काहीतरी उतरतं. काल घासून साफ केलेल्या माझ्या नखांत निळा रंग भरलाय, आणि तो अजून ओला आहे.