आतोबांचं मंजन आणि साहेबाचे दात

मुरबाड-शहापूरच्या टापूत माणसाला चेहऱ्याआधी दातांवरून ओळखणारा एकच गृहस्थ होऊन गेला, आणि तो आमच्या आत्याचा नवरा होता. आतोबांचा हिरड्याच्या काळ्या मंजनाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे मागची पडवी, दळायची दोन जाती आणि वाडीवरच्या चार बायका. पाहुण्याने ओट्यावर टेकून आधी ‘आ’ करायचा, मग चहा. मोजणीला आलेल्या तलाठ्यालाही त्यांनी दात तपासून परसात चूळ भरायला पिटाळलं होतं. दळलेला प्रत्येक घाणा ते स्वतःच्या दातांवर घासून बघत, त्यामुळे त्यांच्या तोंडात बारा महिने अमावास्या असे.

साठ सालाच्या सुमारास एका परदेशी कंपनीची मोटार दारात आली. त्यांना मंजनाचं नाव आणि कृती, दोन्ही विकत हवी होती. आतोबांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी हे मुलीला सांगून आलेलं स्थळच मानलं आणि कोट चढवून मुंबईला घर बघायला गेले. अट एकच घातली, मंजन बंद पडू नये आणि बायकांचं काम सुटू नये. कंपनीचा साहेब हसून हो म्हणाला. कागद न वाचताच हे सही करून आले. आत्याने विचारलं तर म्हणाले, “दात बघितले त्याचे. मोत्यावानी हायेत. असा मानूस खोटा बोलायचा नाय.” मग डब्यांच्या शेवटच्या पेटीची आत्याकडून ओटी भरवून तिची रीतसर पाठवणी केली.

वर्षभरात कंपनीची पेस्ट मुरबाडच्या बाजारात आली आणि मंजन कायमचं बंद झालं. आतोबा जाब विचारायला गेले, तोवर साहेब विलायतेला परतला होता. त्याला कवळी होती, हे तिथल्या शिपायाकडून कळलं. घरी आम्ही पोट धरधरून हसलो. आतोबाही हसले, पण त्यानंतर पाहुण्याला ‘आ’ न करताच चहा मिळू लागला.

हिरड्याच्या हंगामात त्या चौघी टोपल्या भरून पुन्हा दारात. गुपचूप दळू, कंपनीला कोण सांगतंय, असं त्यांचं म्हणणं. कागदावर आतोबांची सही होती.

“दिलेली लेक मागं आणायची नसते गो,” ते म्हणाले. मग चौघींना बरोबर घेऊन ते भातगिरणीत गेले आणि काम मिळेपर्यंत तिथून हलले नाहीत.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी कृती विचारली. निदान घरापुरतं करू, म्हटलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. “ती आता आपली नाय रे,” एवढंच म्हणाले. मला तेव्हा रागच आला होता. आता येत नाही. कंपनीच्या कुठल्यातरी कपाटात त्या कृतीचा कागद अजून असेलही, पण तो उघडून बघावा असं तिथे कुणाला वाटत नसणार.