फुकटची सिस्टीम आणि आमचे रविवार

खिशात पेन ड्राइव्ह घेऊन फिरणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. लोक बंद पडलेल्या कॉम्प्युटरसोबत तेही आणून देतात! केडगावला गायकवाड सरांच्या बैठकीच्या खोलीत दर रविवारी दुपारी आम्ही तिघं जमतो. सर निवृत्त शिक्षक. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. आणि सोनईहून येणारे एकनाथदादा, पशुखाद्याचे दुकानदार. काम एकच: जुन्या मशिनवर लिनक्स बसवून देणं. म्हणजे फुकट मिळणारी, कुणालाही वापरता आणि बदलता येणारी सिस्टीम. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात दर वेळी नवाच घोळ!

*

आमच्या मुख्याध्यापिका बाईंचा लॅपटॉप. त्यात दहावीच्या वर्षभराच्या गुणांच्या याद्या. मी विचारलं, "बॅकअप घेतलाय ना?"

"घेतलाय की!"

पडद्यावर शेवटचा प्रश्न आला: डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं? माझं बोट बटणावर. सहज विचारलं, "कुठे ठेवलाय?"

"इथेच, डेस्कटॉपवर. 'बॅकअप' नावाचं वेगळं फोल्डरच केलंय!"

सरांनी माझं मनगट धरलं. "वैशाली, हात उचल. हळू."

तो लॅपटॉप आम्ही त्या दिवशी पुन्हा उघडलाच नाही.

*

एकनाथदादा आधी गिऱ्हाईक होते, मग आमच्यातले झाले. पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन. "मॅडम, कीबोर्ड मेला! पासवर्ड टाईप करतोय, एक अक्षर उमटंना!"

"दादा, कमांड द्यायच्या त्या काळ्या खिडकीत पासवर्ड दिसत नाही. टाईप करा आणि एंटर मारा."

"आन् चुकला तर कळायचं कसं?"

"चुकला की कळतं."

पलीकडे कीबोर्डची खटखट. मग एकदम ओरडले, "झालं! म्या धा येळा बरूबर टाईप केला हुता, फकस्त एंटर न्हाई मारला!"

महिन्याने पुन्हा फोन. आवाज घाबरलेला. "लई दिस झाले, व्हायरसचा एक बी इशारा न्हाई. कॉम्प्युटर आजारी तर न्हाई ना?"

*

कोपरगावजवळच्या एका वाचनालयात सहा जुने कॉम्प्युटर धूळ खात होते. तिथले विश्वस्त आप्पा हाताची घडी घालून तीन तास आमच्या मागे उभे. शेवटी त्यांनी तोंड उघडलं. "निवडणूक तर लांब हाय. मग फुकट कशापायी?"

एकनाथदादांना राहवलं नाही. "आप्पा, गोदावरीचं पानी कुनी पावती फाडून पाजतं का?"

"फाडतात की! दर साल पाणीपट्टी भरतो मी!"

आम्ही एकच मशिन करून निमूट निघालो. आठ दिवसांनी आप्पांचा फोन आला, "उरलेले पाच कधी करताय? पोरं एकावरच भांडत्यात!"

*

सरांच्या चर्चमधल्या कॉम्प्युटरवर मी शनिवारी लिनक्स बसवलं आणि रविवारी सकाळी गीतांची पानं छापायला गेले. गीतं टाईप केली होती कुठल्याशा जुन्या फाँटमध्ये. नव्या सिस्टीममध्ये तो फाँटच नाही! पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं. उपासनेला दहा मिनिटं, मंडळी आत येतायत!

चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, वाकून बघत म्हणाले, "पेंटेकॉस्टला अजून अवकाश आहे. अन्य भाषा एवढ्यातच?"

पेंटेकॉस्ट म्हणजे येशूचे शिष्य एकाएकी परक्या भाषांत बोलू लागले, त्या दिवसाचा सण. मला हसू येईना. तेवढ्यात सरांच्या पत्नी सुमनबाई उभ्या राहिल्या आणि कागदाशिवाय पहिली ओळ उचलली. पाठोपाठ अख्खी मंडळी. पाचही गीतं तोंडपाठ!

बाहेर पडताना पाळकसाहेब सुमनबाईंकडे बोट करत म्हणाले, "हे सॉफ्टवेअर मात्र जुनंच राहू द्या."

*

आणि हा यंदाचा. सर म्हणाले, "राहुरीकडचे एक शिक्षक आहेत. नजर झपाट्याने जातेय. पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही फुकट मिळतं ना? एका मशिनवर बसवून दे."

तीन रविवार झटलो. मराठी आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, जोडाक्षर आलं की अडखळायचा. दादा हसले, "ह्यो तर आमच्या कडबाकुट्टीच्या मशिनीवानी बोलतोय!"

एरवी सगळ्यात आधी हसणारे सर ताडकन म्हणाले, "चेष्टा नको. त्या माणसाला रोज हेच ऐकायचंय."

तिसऱ्या रविवारी आवाज मधेच बंद पडला. सर खुर्चीतून पुढे सरकले. "वैशाली, परत आण. परत आण तो."

मी सेटिंग उघडली, बंद केली, मशिन पुन्हा सुरू केलं. मग डबा बोलला, "मु-ख्य मेनू." सरांनी खुर्चीला पाठ टेकली. डोळे मिटून चार ओळींचं पत्र टाईप केलं, ऐकलं, एक चूक पकडली, सुधारली, पुन्हा ऐकलं.

मी वायरी गुंडाळायला घेतल्या. "सर, राहुरीचा पत्ता द्या. दादा टेम्पोतून पोचवतील."

"सीपीयू राहू दे इथेच टेबलावर. कीबोर्डही." सरांनी हात पुढे केला, चाचपडत मॉनिटरची वायर शोधली आणि ओढून काढली.

"हा तेवढा शाळेत घेऊन जा. मुलांच्या उपयोगी पडेल."