ठोसरबाईंचा समुद्र

ठोसरबाईंसमोर शब्द उच्चारायची चोरी होती. कोणी "डेंटिस्टकडे चाललोय" म्हटलं, की बाई त्याला जिन्यातच अडवत. "डेंटिस्ट म्हणजे दंत! आपल्याच घरातला शब्द!" तो बिचारा सुजलेला गाल धरून उभा, आणि बाई शब्दाच्या मुळाशी पोचलेल्या.

गिरगावातल्या शाळेत त्यांनी मला संस्कृत शिकवलं. राहायच्याही आमच्याच वाडीत, शेजारच्या खोलीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी थायलंडची सहल ठरवली. कारण एकच. "तिकडे समुद्राला समुद्रच म्हणतात, मीने. बघून येऊ." सोबतीला मी गेले.

शेवटच्या दिवशी पटायाच्या बाजारात बाई एक पाटी वाचायला थांबल्या आणि आमचा ग्रुप पुढे निघून गेला. माझा फोन बंद पडलेला. हॉटेलचं नाव दोघींनाही आठवेना. ते समुद्रासमोर आहे, एवढंच ठाऊक. संध्याकाळी विमान. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"घाबरतेस काय? शब्द आहे ना आपल्याकडे," म्हणत बाईंनी टॅक्सी थांबवली. "समुद्र!"

ड्रायव्हर बघतच राहिला. बाईंनी शेवटचा र गाळला. "समुद्... समुत!"

"समुत!" त्याचा चेहरा खुलला. त्याने आम्हाला थेट एका स्टेशनरीच्या दुकानात नेऊन उभं केलं.

दुकानदारीणबाईंनी वह्या काढल्या. एकरेघी, चौकटीची, कोरी. प्रत्येक वहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "समुत."

"वही नको हो, समुत!" बाई मराठीत ओरडल्या. मग पदर दोन्ही हातांत धरून त्यांनी लाटा केल्या. तोंडाने गाज काढली. ड्रायव्हरही हात हलवत लाट झाला. दुकानदारीणबाई हसून हसून गल्ल्यावर वाकल्या, आणि एकदम ओरडल्या, "महासमुत!"

"महासमुद्र!" बाईंनी त्यांना मिठीच मारली. "बघ मीने, महा लावायचं राहिलं होतं!"

ड्रायव्हरने टॅक्सी किनाऱ्याच्या रस्त्याला घातली, आणि जाता जाता मला आमचं हॉटेल ओळखू आलं. दारात गाईड संतापून उभा होता. आमची हकिकत ऐकल्यावर मात्र तो पायरीवर बसून हसला. थाईत वही आणि समुद्र या दोन्ही शब्दांचा उच्चार एकच, असं त्याने सांगितलं. बाई ठसक्यात म्हणाल्या, "म्हणजे ड्रायव्हर चुकला नाही. मीही नाही."

गेल्या वर्षी बाई पुण्याला लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या. सामान टेम्पोत चढलं, तशा म्हणाल्या, "चल, चौपाटीवर जाऊन येऊ." भरती होती.

"संस्कृतात समुद्राला ढीगभर नावं आहेत, मीने. पुण्यात एकालाही काम नाही."

मग चपला माझ्या हातात देऊन त्या साडीसकट गुडघाभर पाण्यात शिरल्या. टेम्पोवाल्याचे फोन येत होते. मी घेतले नाहीत.