केबलवाल्याच्या घरची केबल

सव्वीस वर्षं त्या माणसानं लोकांच्या गच्च्यांवर काढली. खांद्यावर वायरचं भेंडोळं, खिशात पक्कड आणि तोंडात कायम एकच वाक्य, "बघतो, माणूस पाठवतो." सगळे त्याला केबलवाले म्हणायचे. खरं नाव बहुधा बायकोला आणि बँकेलाच ठाऊक असावं. कुठल्या घरात कोणती मालिका चालते, कुठे रिमोटवरून अबोला धरला जातो, सगळं त्याला तोंडपाठ.

मग एकेक घर गळायला लागलं. "आता सगळं इंटरनेटवरच बघतो हो," असं लोक ओशाळून सांगायचे, जणू ठरलेलं लग्न मोडतायत. तो त्यांचा बॉक्स बगलेत मारून जिना उतरायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "चार दिवसांचं खूळ आहे. येतील झक मारत परत."

एका सकाळी दुकानातला फोन वाजला.

"हॅलो, केबल बंद करायचीय."

"पत्ता सांगा."

तो लिहिता लिहिता थबकला. पत्ता त्याच्याच घराचा होता.

"अगं, तू? डोकंबिकं फिरलंय का?"

"महिनाभर घरात सांगतेय, तुम्ही टीव्हीकडे बघत नुसतं 'हं' म्हणता," बायको शांतपणे म्हणाली. "म्हटलं, रीतसर तक्रार नोंदवावी. लेकीनं इंटरनेटचं बाकी सगळं करून ठेवलंय. तुमचा तो बॉक्स तेवढा हलवा."

सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "बघतो, माणूस पाठवतो."

"कधी?"

"दोन दिवसांत."

दोनाचे आठ झाले. रोज जेवताना बायको विचारायची, "आला नाही हो तुमचा माणूस?" आणि तो आमटी वाढून घ्यायचा. नवव्या दिवशी घरी येऊन बघतो तर बॉक्स पुसूनबिसून कपाटावर ठेवलेला आणि टीव्हीवर चौकोनी चित्रांच्या रांगाच रांगा.

त्या संध्याकाळी काय बघायचं हे ठरवण्यातच पाऊण तास गेला. लेकीला खून हवे होते, बायकोला परदेशातले बंगले. चित्रं सरकत राहिली, जेवण निवत राहिलं. कोपऱ्यात बसून त्याला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

खरी पंचाईत झाली त्याच्या आईची. ऐंशी वर्षांची म्हातारी मालिका लावून बसली ती दीड तास हललीच नाही. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, "अरे, जाहिराती कुठं गेल्या? मी बाथरूमला जाऊ कधी?"

नातीनं थांबवायचं बटण दाखवलं. आजीचा विश्वास बसेना. "मी येईपर्यंत ही सगळी तशीच उभी राहणार? माझ्यासाठी?" तिनं बटण दाबलं आणि दारातून दोनदा वळून खात्री केली. मालिकेतली खाष्ट सासू तोंड वासून खरंच थिजली होती. त्या दिवसापासून म्हातारी सून आणि नातीच्या बाजूला गेली आणि तो घरात एकटा पडला.

पुढच्या आठवड्यात त्याच्या जुन्या गिऱ्हाईक, निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलानं केबल काढून नवीन प्रकार बसवून दिला होता, आणि मग तो आपल्या गावी निघून गेला होता. "कोणत्या तोंडानं तुम्हाला बोलावू? पण काही सापडतच नाही हो."

तो फुरंगटतच गेला. पासवर्ड टाकताना दोनदा चुकला, लेकीला फोन करून तिच्या शिव्याही खाल्ल्या. सगळं सुरू झाल्यावर बाई हताश होऊन म्हणाल्या, "एवढ्यातलं मी बघू काय?"

हे मात्र त्याला बरोब्बर माहीत होतं. "बाई, तुम्हाला कोर्टकचेरी लागते. पण रडारड नको, आणि वकील म्हातारा हवा." दोन मिनिटांत त्यानं नेमकी तशी मालिका काढून दिली. बाई बघतच राहिल्या.

बाईंनी चार जणींना सांगितलं. केबल तोडलेली घरंच आता त्याला बोलवायला लागली. तो जायचा, पासवर्ड टाकायचा आणि ज्याला त्याला त्याच्या आवडीचं शोधून द्यायचा. घरी मात्र "टीव्ही बिघडलाय त्यांचा" एवढंच सांगायचा. बाईंकडे तर "नीट चालतंय ना" हे बघायला तो दर गुरुवारी जाऊ लागला.

अशाच एका गुरुवारी बायकोचा तिसऱ्यांदा फोन आला. "अहो, आहात कुठे? बाईंच्या टीव्हीला झालंय तरी काय?"

"सांगता येत नाही," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "अजून दोन भाग बाकी आहेत."