पोटातली माहेरवाशीण

आपली धाकटी बहीण आपल्या पोटात माहेरपणाला आली आहे, असे चारचौघांत सांगणारा आणि ऐकणाऱ्याला ते पटवून देणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. बालाघाटला आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे ते दादा, सिंचाई विभागातले निवृत्त ओव्हरसियर, एकटा जीव. नव्या शतकाच्या तोंडाशी त्यांचे यकृत निकामी झाले. वारासिवनीला दिलेल्या बहिणीने सासरच्यांचा विरोध मोडला, ती दिल्लीला गेली आणि आपल्या यकृताचा मोठा तुकडा भावाला देऊन आली. दादा परतले तेव्हा त्यांच्या अंगाला स्पिरिटचा वास होता, डोळ्यांतले हळदीचे पाणी ओसरले होते आणि वागण्यात एक नवाच यजमानी थाट आला होता.

माहेरवाशिणीचे हवे-नको पाहण्यात त्यांनी कधी कुचराई केली नाही. बहिणीला भोपळा आवडत नाही म्हणून स्वतःचा जीव की प्राण असलेली भोपळ्याची भाजी त्यांनी कायमची सोडली. शरीराने त्या नव्या अवयवाला परके मानू नये म्हणून सकाळी आठ आणि संध्याकाळी आठला गोळ्या घ्यायच्या असत, आणि त्या घटकेपुढे त्यांना देवाधर्माचीही मातब्बरी नव्हती. माझ्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टके ऐन रंगात असताना त्यांनी अक्षता खिशात टाकल्या, पाण्याचा पेला मागवला आणि भटजींना शांतपणे सांगितले, "दोन मिनटं थांबा महाराज, पाहुणीचं पान वाढून राह्यलो." भटजी खरोखरच थांबले. दुपारी केव्हाही जावे तर दादा उजव्या बरगडीखाली तळवा ठेवून पडलेले असत आणि मी उंबरा ओलांडताच ओठांवर बोट नेत: "हळू बोला मॅडम. आत्ताच डोळा लागला तिचा." याच माणसाने हयातभर नहरींच्या, म्हणजे कालव्यांच्या, बांधांवर कान टेकून, पाणी कुठे चोरून झिरपते आहे ते अचूक सांगितले होते, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

अशी सहा वर्षे गेली. मग ती संक्रांत आली. सकाळच्या उन्हात तिळाच्या खरपूस वासाने गल्ली भरलेली, आणि मी तिळगुळाची वाटी घेऊन त्यांच्या अंगणात शिरले, तो दुसराच वास आडवा आला: गंजलेल्या लोखंडाचा, वितळत्या डांबराचा. न्हाणीच्या दाराशी दादा भिंतीला टेकून बसले होते. धोतराला काळेकुट्ट, चकचकीत डाग. त्यांचा हात धरला तर तो पौषातल्या वैनगंगेतल्या गोट्यासारखा गार. ओठांवर रंग म्हणून उरला नव्हता. माझ्या हातून वाटी कधी निसटली ते मला कळले नाही. दाणे फरशीवर घरंगळत गेल्याचा आवाज मात्र आजही ऐकू येतो.

"दादा, हे काय आहे?"

"काही नाही. बहिणीनं काळ्या तिळाचे लाडू पाठवलेते. जरा जास्त झाले."

"किती दिवस होतंय असं?"

"आठ," एवढेच म्हणाले, आणि मान टाकली.

काळे म्हणजे रक्त, पोटात जिरून काळे पडलेले रक्त, हे मला जीपमध्ये आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितले. नागपूरला पोहोचेपर्यंत माझ्या कानात दुसरे काही शिरले नाही. तिथे दुर्बीण घालून पाहिले तर जठर स्वच्छ. दोन दिवस रक्ताच्या बाटल्या चढत राहिल्या आणि ते रक्त कुठून वाहून जाते हे कोणालाच उमगेना. शेवटी सापडले ते लहान आतड्यात, प्रत्यारोपणाच्या वेळी जिथे पित्तनळी आतड्याला शिवली होती तिथे. टाक्यांभोवती शिरा फुगून द्राक्षांसारख्या लोंबत होत्या, त्यांतली एक पाझरत होती. आतड्याकडून यकृताला रक्त नेणारी मोठी शीर जोडाच्या जागी वर्षानुवर्षे आवळत आली होती. तिथे फुगा घालून वाट रुंद केली, बारीक जाळीची नळी बसवली, आणि पाझर थांबला.

नागपूरच्या डॉक्टरांनी समजावताना काढलेले चित्र दादांनी पडल्यापडल्या हातात घेतले, त्यांचेच पेन मागून दुरुस्त केले. "ही मेन नहर. इथं चिंचोळी झाली. मग पाणी थांबते का? ते बारक्या पाटात घुसते, पाट फुगतात, अन् जो कच्चा तो फुटते. शेताचा यात काय दोष?" मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "शेत बरं आहे ना, साहेब?"

"यकृत उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग तेवढं वेगळ्या कागदावर लिहून द्या. सही-शिक्क्यासह."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दुखणे लपवले ते बहिणीसाठी का, असे मी विचारले, तर दादा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सासरचे पहिलेच म्हणत होते, आपलं पोट चिरून घेते, वाया जाईल. मी आजारी पडलो म्हणून कळलं असतं त तिले जन्मभर ऐका लागलं असतं." एवढ्यासाठी हा माणूस आठ दिवस मुकाट्याने रिता होत राहिला होता.

मी फोनवर लाडवांसकट सारे कळवले होते; दादा घरी आले त्याच सकाळी बहीण वारासिवनीहून आली. ठेंगणी, सावळी, पोटावर वण घेऊन वावरणारी. तिला यकृताची नव्हे, लाडवांची चीड आली होती.

"काहून रे दादा, माह्या लाडवाचं नाव सांगतलं? मी तुले पोटातलं काढून देल्लं, अन् तू माह्या लाडवाले बट्टा लावतं?"

दादांनी उशीखालून शिक्क्याचा कागद काढून तिच्यापुढे धरला. "वाच. चांगलं आहे म्हणून लिहिलं."

तिने तो वाचला, चार घड्या घातल्या. "तू गेला असता त हा कागद मी कोणाले दाखवला असता?" एवढे बोलून ती स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता; मग तोही थांबला.

दुपारी मी वाटीभर वरण घेऊन गेले. बहीण त्यांच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. चुलीवर भोपळ्याची भाजी शिजलेली होती, भावाच्या आवडीची. दादा शेजारी खुर्चीत बसलेले. या वेळी त्यांनी ओठांवर बोट नेले नाही. त्यांचा एक हात तिच्या पांघरुणाच्या काठावर होता. गेल्या सहा वर्षांत दुपारच्या वेळी मी त्यांचा तळवा बरगडीखालून उचललेला प्रथमच पाहिला, आणि वाटी तिथेच ठेवून, पाऊल न वाजवता परत फिरले.