दोन ठोक्यांच्या मधला वेळ

पत्नीच्या जास्वंदीवर मावा पडला, म्हणून तिचा जुना फवारणी पंप दुरुस्तीला घेऊन मी आष्ट्याला गेलो होतो. दुकानदाराचं नाव विचारायचं राहिलंच. नाडी पाहावी तशी तो प्रत्येक पंपाची नळी आधी दोन बोटांनी दाबून पाही.

"कडक झालीया, मास्तर. माझ्यागत," तो हसला. त्याच्या रक्तवाहिन्या ताठरल्याचं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं.

"माझ्या पत्नीलाही तेच होतं," मी म्हणालो. "वरचा दाब जास्त, खालचा कमी. खालचा कमी म्हणून आम्ही निश्चिंत राहिलो. ती गेली."

त्यानं पंपाचा दांडा हलवला. पाणी धक्क्यानं उडालं आणि थांबलं. मग त्यानं नवी, मऊ नळी लावली. आता धार तुटेना.

"मऊ नळी दाबासरशी फुगती, मग आकसून पानी म्होरं ढकलती. कडक नळीत मधी दाबच उरत न्हाई. डॉक्टर म्हनलं, खालचा दाब म्हंजी ह्योच मधला. आन् काळजाला सवताचं रगत मिळतं, ते जास्त करून दोन ठोक्यांच्या मधी. सगळ्यांना वाढून मग जेवतंय ते. आमच्या हिच्यागत."

"माझं काय चाललंय?" डबा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोनं विचारलं.

"बस. आदी तू जेव."

"का? माझ्या भाजीवर इस्वास न्हाई व्हय?"

त्यानं हसत डबा तिच्यापुढं सरकवला. मी पंप पाठीला अडकवला. मी पत्नीला असं कधी म्हणालो होतो का, ते स्टँडपर्यंत आठवत राहिलो.