सीटमागचा खोका

देवरूखला माझं स्पीकरचे खोके बांधायचं दुकान आहे. लग्नाच्या बँडचे, भजनी मंडळांचे, गणपतीतले आणि अलीकडे गाड्यांतले. गाडीत खोका बसवून घेणाऱ्या पोरांचा मला मनस्वी राग येतो. त्यांना गाणं ऐकायचं नसतं, रस्त्यावरच्या दहा जणांनी वळून बघावं एवढंच हवं असतं. तरी शिव्या घालत मी बांधून देतो, कारण पोट त्यावरच आहे. पण माझा थोरला भाऊ, ज्याला दोन्ही कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नाही, तो दुकानात येऊन "माज्या गाडीत सबवूफर बसव" म्हणाला, तेव्हा मला वाटलं हा माझी थट्टा करतोय.

दादाचे कान चिऱ्याच्या खाणीत गेले. जांभा दगडाचे चिरे कापायच्या मशीनवर त्याने ऐन उमेदीची वर्षं काढली, कानाला फक्त रुमाल बांधून. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आतली नसच गेली आहे, यंत्राचा फारसा उपयोग होणार नाही. मग खाण सोडून त्याने एक छोटी पिकअप घेतली आणि तेच चिरे वाहायला लागला. लोक बोलताना तो त्यांचे ओठ बघतो, आणि ओठ कळले नाहीत की नुसती मान हलवतो. ऐकू येत नसताना गाडी चालवू नका म्हणून वहिनी भांडून दमली. "आरसे हायत," एवढंच त्याचं उत्तर.

खोका हवा होता तो शिमग्यासाठी. आमच्या गावात होळीनंतर ग्रामदेवीची पालखी सहाणेपुढच्या, म्हणजे ती टेकवायच्या चौथऱ्यापुढच्या, मैदानात नाचवतात आणि पालखीच्या पुढच्या एका खांद्याचा मान आमच्या घराकडे आहे. वडिलांनंतर तो दादाकडे आला. हे नाचवणं सगळं ढोलावर चालतं. ढोलाच्या जाड, खोल घुमणाऱ्या तोंडावर थाप पडली की खांदेकऱ्यांनी एकदम लवायचं आणि एकदम उठायचं. पालखी गरगर फिरत असते, त्यामुळे ढोलवाला कधी समोर तर कधी पाठीमागे. त्याचे हात बघून भागत नाही. आदल्या शिमग्यात दादाचा ठेका चुकला, पालखी कलली आणि आतलं देवीचं रूप, चांदीचा मुखवटा, हललं. हे आमच्याकडे हसण्यावारी नेत नाहीत. गावाच्या बैठकीत म्हाताऱ्या मानकऱ्याने सगळ्यांदेखत सांगितलं, "येत्या शिमग्याला आजून येकदा बगू. परत आसा झाला तर खांदा धाकट्याला द्यायचा." धाकटा म्हणजे मी. दादाने तेव्हाही मान हलवली होती. अर्थ त्याला घरी आल्यावर वहिनीने हातवारे करून सांगितला.

"आवाज नको माला," दादा म्हणाला. "ढोल पाठीत लागला पायजे. गाडी चालवता चालवता आंगात मुरवीन." आणि दुकानासमोर उभ्या केलेल्या पिकअपमध्ये बसून तो सीटची पाठ थोपटून दाखवायला लागला. मला इतकं वाईट वाटलं की मी त्याच्यावरच खेकसलो, "खाली उतर, माप घेऊ दे."

माप घ्यायला जागा होती कुठे? छोट्या पिकअपची कॅब म्हणजे सीट संपली की लगेच पाठीमागचा पत्रा. सीट तिरकी, त्यामुळे मागे जी फट राहते ती वर चिंचोळी, खाली जरा रुंद. तिथे जॅक आणि पाने ठेवलेले होते, ते काढले. जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्या फटीत बसवत, कातरत, पुन्हा बसवत मी तिचा आकार उतरवून घेतला. बंद खोका केला असता तर सोपं होतं, पण बंद खोका जपून बोलतो. पोर्टचा खोका वेगळा. स्पीकरची पाठ आत जी हवा ढकलते, ती वाया न घालवता एका बोगद्यातून बाहेर काढायची. त्या बोगद्याचं तोंड आणि लांबी जमली की एका ठरावीक खोल सुराला खोकाच जोर लावतो. अडचण अशी की तोंड लहान ठेवलं तर हवा फुसफुसते, मोठं केलं तर बोगदा लांबवावा लागतो, आणि लांब बोगदा खोक्याच्या पोटातलीच जागा खातो. शेवटी पोर्ट तळाशी आडवा नेऊन कोपऱ्यात वळवला आणि त्याचं तोंड दादाच्या कमरेमागे काढलं. पोरांच्या खोक्याला मी सूर आणखी खाली लावतो. हा मात्र ढोलाच्या जाड तोंडाला लावायचा होता. मोबाईलवर घेतलेल्या ढोलात ते जाड तोंड नीट येतच नाही, म्हणून गावच्या ढोलवाल्याला दुकानात बसवून चांगल्या माईकवर रेकॉर्डिंग केलं.

आमच्या पावसात साधा दाबलेला बोर्ड फुगून पोळी होतो, म्हणून पाण्याने न फुगणारा मरीन प्लायच घेतला. आतून आधाराच्या पट्ट्या, सगळ्या सांध्यांना सिलिकॉन. आणि शेवटी जन्मात केलं नव्हतं ते केलं. खोक्याची थरथर गाडीला लागू नये म्हणून आम्ही खाली रबर घालतो. मी रबर घातलंच नाही. उलट खोका आणि सीटची लोखंडी चौकट यांच्यामध्ये सागाचे ठोकळे आवळून बसवले.

दादा बसला. काचा वर केल्या, दारं लावली, मी शेजारी बसून ढोल सुरू केला. पहिल्या थापेला तो दचकला. मग स्टिअरिंगवरचे त्याचे हात सैल पडले, डोळे मिटले आणि त्याचा उजवा खांदा थापेबरोबर लवायला लागला. अचूक. "आला रं," तो म्हणाला, "आला." तो रडत होता, आणि खोटं कशाला बोलू, मीही रडत होतो.

रडता रडताच मी त्याला म्हटलं, "दादा, हे बंद कॅबमध्ये आहे म्हणून लागतंय. एवढ्याशा जागेत हवेला जायला वाट नाही. दार उघडलंस तरी अर्धं जाईल. मैदानात असं लागणार नाही." डोळे पुसत त्याने मान हलवली. मला वाटलं, कळलं.

थंडीभर तो ढोल लावून हिंडला. देवरूख, सावर्डे, खेड, जिथे चिरे टाकायचे तिथे. काचा कायम वर. पुढे पुढे घरात जेवतानाही त्याचा खांदा ठेक्यात हलायचा आणि वहिनी मला खूण करून हसायची. तिला एवढं खूश मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. मैदानाचं मी पुन्हा काढलं नाही.

शिमग्याला दुपारी पालखी सहाणेवर आली. दादा स्वच्छ धोतर नेसला, त्याने खांद्यावर कापडाची घडी घातली, आणि पालखी उचलली. ढोल त्याच्यापासून हातभर अंतरावर होता तोवर तो बरोबर लवला. मग पालखी फिरली, ढोल मागे पडला. मी कडेला उभा होतो, मला त्याचा चेहरा दिसत होता. त्याची पाठ ढोल शोधत होती आणि मैदानात तिला काहीच लागत नव्हतं. इतर तिघे लवले तेव्हा तो उठला. पालखी कलली. बायांमधून एकदम "आई गं" उठलं. मानकऱ्याने हात वर केला, ढोल थांबला, आणि त्याने माझ्याकडे बघितलं. दादाने ओठ वाचायला त्याच्याकडे मान वळवली, पण तिथे ओठ हलतच नव्हते. मग सगळे माझ्याकडे बघताहेत हे त्याला दिसलं. तो स्वतःच खाली वाकला, दांडा माझ्या खांद्यावर दिला आणि घडीही दिली. ती घामाने भिजलेली होती.

यंदाच्या शिमग्याला खांदा माझ्याकडे होता. नाचवताना पालखी फिरली आणि मैदानाच्या कडेला, काजूच्या झाडाखाली, दादाची पिकअप दिसली. काचा वर केलेल्या. आत तो एकटाच, डोळे मिटलेला, आणि त्याचा खांदा लवत होता, उठत होता. आमचा ढोल वेगळ्या थापेवर होता आणि त्याचा गाडीतला वेगळ्या. त्याचा ठेका एकदाही चुकला नाही. मी बघत राहिलो आणि माझा चुकला.